सगळ्या चाळीची भट्टी

इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी हर्क्युलेनियम नावाचं गाव होतं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला आणि गाव गाडलं गेलं. त्या गावातला एक पाव कोळसा होऊन टिकला, त्यावरचा शिक्का अजून वाचता येतो: क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याचा गुलाम सेलर, त्याचा हा पाव. पाव भाजायची भट्टी अनेकांची मिळून एक असेल, तर आपला पाव कोणता हे कळायला खूण लागते. सेलरचा शिक्का बहुधा याच कामाचा होता. जवळच्या पाँपेईत १८६२ साली उत्खनन चालू असताना एका बेकरीची बंद भट्टी उघडली गेली. आत ८१ पाव होते.

आता अठराशे वर्षं पुढे येऊ. दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बायका घरी पीठ मळत आणि गोळा गावच्या भट्टीवर पाठवत. त्या गोळ्यावर घरधन्याच्या नावाची आद्याक्षरं कोरलेला लाकडी शिक्का उमटवलेला असे. हे शिक्के धनगर आणि शेतकरी फावल्या वेळात कोरत. कुणी शिक्क्याच्या मुठीला कोंबड्याचा आकार देई, कुणी माणसाचा. मळणं घरचं, भाजणं गावचं, अशी ही विभागणी होती. न्यूयॉर्कच्या इटालियन बेकरीची गोष्ट सांगायची तर ती या विभागणीपासूनच सुरू करावी लागते, कारण समुद्र ओलांडल्यावर तीच मोडली.

त्याआधी इटलीतल्या गव्हाबद्दल थोडं सांगायला हवं. १८६१ साली इटली एक देश झाला. नव्या राज्याची तिजोरी रिकामी होती, म्हणून १८६९ च्या जानेवारीपासून दळणावर कर लागू झाला. आपल्या गावातल्या पिठाच्या गिरणीत दळण टाकायला गेलेल्या बाईला दळणावळीखेरीज सरकारचाही वाटा मोजावा लागला असता, तर गावात काय झालं असतं, ते मनाशी आणून पाहावं. इटलीत जात्यांच्या दगडांना फेरे मोजणारं यंत्र बसवण्यात आलं. जितके फेरे, तितका कर. देशभर दंगे उसळले, लष्कर उतरलं आणि अडीचशेच्या आसपास माणसं मारली गेली. कर पूर्णपणे जायला १८८४ साल उजाडलं. दक्षिणेतला कूळ-शेतकरी गहू पिकवी तो विकण्यासाठी, खंड आणि कर भरण्यासाठी. त्याच्या घरात मका, बार्ली, वाल-पावट्याचं पीठ, डोंगरात चेस्टनटचं पीठ शिजे. गव्हाचा पांढरा पाव सणाला असे, आजाऱ्याला असे, जमीनदाराच्या घरी रोज असे.

म्हणूनच १८८० ते १९२४ या काळात अमेरिकेत उतरलेल्या चाळीस लाखांच्या आसपास इटालियनांच्या मनात अमेरिकेचं पहिलं चित्र बऱ्याचदा खाण्याचंच होतं. रोज गव्हाचा पाव मिळतो, तोही पांढरा, आणि पोटभर, असं गावी पाठवलेल्या पत्रांतून कळे. येणाऱ्यांत तरुण पुरुषांचा भरणा मोठा होता. रस्ते, बोगदे, गोदी, बांधकाम यांत राबायचं, पैसे साठवायचे आणि परतायचं, या हिशेबाने ते येत. खरोखर पुष्कळजण परतलेही. जे राहिले त्यांनी बायका-मुलं बोलावून घेतली, आणि मग पावाचा प्रश्न उभा राहिला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना जागा मिळाली ती टेनेमेंटमध्ये, म्हणजे भाड्याच्या पाच-सहा मजली चाळींत. एका मजल्यावर चार-चार कुटुंबं, आतल्या खोल्यांना खिडकी नाही, संडास सामाईक. स्वयंपाकाला कोळशाची लहान चूल असे. खेड्यातली दगडी घुमटाची भट्टी अशा खोलीत बसवणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्यात पाच-सहा पाव भाजण्याइतका वेळ चूल पेटती ठेवली, तर त्या खोलीत रात्री कुणाला झोपता आलं नसतं. शिवाय बाईला पीठ मळत बसायला वेळही नव्हता. ती शिवणकामाच्या कारखान्यात जाई, नाहीतर घरीच मुलांना घेऊन कागदी फुलं बनवी, कपड्यांचं हातकाम करी. मॅनहॅटनमधल्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीच्या कडेला ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १९११ साली आग लागून १४६ जण गेले. त्यांत इटालियन मुलींची संख्या मोठी होती. या घरांमधल्या हातांना वेळ का नव्हता, हे त्या संख्येतून कळतं.

मळणं आणि भाजणं दोन्ही मग खालच्या दुकानाकडे गेलं. नेपल्स आणि पालेर्मोसारख्या शहरांत पाव विकत घेणं नवं नव्हतं, पण स्थलांतरितांतले बहुतेक खेड्यांतले होते. जो बाप इटलीत कधी दुकानातून पाव आणत नसे, तो इथे रोज आणू लागला. इटालियन वस्तीतली बेकरी ही गावाकडून उचलून आणलेली जुनी संस्था आहे असं सहसा समजलं जातं. मला ते पटत नाही. तिला जन्म दिला तो न्यूयॉर्कच्या चाळीतल्या अपुऱ्या जागेने. गावच्या भट्टीची आठवण आणि चाळीची अडचण या दोन गोष्टी एकत्र आल्या, त्यातून ही बेकरी झाली.

गावाची आठवण किती बारीक होती, ते रस्त्यांवरून दिसे. एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे लोक, मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे. ह्यूस्टन स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या साउथ व्हिलेजमध्ये आधी जेनोआ आणि उत्तरेकडचे आले, मागून दक्षिणेकडचे. सलिव्हन स्ट्रीटवरच्या सेंट अँथनी ऑफ पॅडुआ चर्चची सध्याची इमारत १८८८ ची. हा परिसर या लोकांचा झाला होता, याचा तो दगडी पुरावा. सिसिलीच्या बेकरचा पाव बाहेरून तिळांनी मढलेला असे. तीळ सिसिलीत अरबांबरोबर आले असं सांगतात, आणि तिथून ते न्यूयॉर्कला गेले. आपुलिया प्रांतातला माणूस जाड सालीचा, कठीण गव्हाच्या रव्याचा पिवळट पाव मागे. नेपल्सकडच्याला डुकराची चरबी, मिरी आणि चीज घातलेला गोल कडं सणाला हवाच असे. दोन गल्ल्या ओलांडल्या की पावाची चव बदले, आणि माणसं आपली गल्ली सोडून पाव घेत नसत.

या पावात एक गोष्ट मात्र पूर्णपणे अमेरिकन होती, ती म्हणजे पीठ. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला गहू प्रथिनांनी समृद्ध असतो. त्याच्या पिठाला चिवटपणा जास्त, त्यामुळे कणीक हवा अधिक धरून ठेवते आणि पाव उंच फुगतो. बेकरने गावातल्या सवयीप्रमाणे आदल्या रात्री थोडं पीठ आंबवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते ताज्या कणकेत मिसळलं, तप्त दगडावर सोडलं, तरी जो पाव तयार होई तो त्याच्या आईच्या हातच्या पावासारखा नसे. तो जास्त हलका, जास्त पांढरा असे. आज अमेरिकेत ज्याला इटालियन पाव म्हणतात, तो इटलीतल्या कोणत्याही एका गावचा नाही.

हे सगळं काम चाले तळघरात. कारण साधं होतं. विटांची भट्टी कित्येक टन वजनाची. ती जमिनीवरच टेकवावी लागे, वरच्या मजल्यावर ठेवली तर मजला खचेल. तळघराचं भाडंही कमी. पण तळघर म्हणजे सांडपाण्याचे नळ डोक्यावरून गेलेले, फरशी ओली, उजेड नाही, हवा नाही. पिठाची धूळ फुप्फुसात जाई. बेकरांना होणारा दमा वैद्यकशास्त्राला जुना ठाऊक आहे, आणि या तळघरांत क्षयही पसरे. कामगार बऱ्याचदा भट्टीजवळच्याच फळ्यांवर झोपत. काही वेळा ज्यावर कणीक मळायची, त्याच फळ्यांवर.

न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरीचा कायदा केला. स्वच्छतेच्या नियमांबरोबर त्यात कामाच्या तासांवर मर्यादा होती: दिवसाला दहा, आठवड्याला साठ. युटिका शहरातल्या जोसेफ लॉक्नर नावाच्या बेकरी-मालकाने ही मर्यादा मोडली, त्याला दंड झाला, आणि खटला वर वर जात १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तासांची मर्यादा रद्द केली. किती तास काम करायचं हे मालक आणि मजूर यांनी आपसात ठरवायचं, त्यात सरकारने पडू नये, असं बहुमताचं म्हणणं. बेकरचं काम कायद्याने रोखावं इतकं आरोग्याला घातक नाही, असंही त्यांनी लिहिलं. लॉक्नरचा खटला अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात, मुख्यतः न्यायालयाने किती चूक केली ते दाखवायला. पण त्या चर्चेत करार, स्वातंत्र्य, राज्यघटना हेच शब्द येत राहतात. मला त्या निकालाचा खरा अर्थ तळघरात दिसतो. रात्री भट्टी तापवणारा माणूस सकाळी किती वाजता वर येईल, हे त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये ठरलं.

कुटुंबाने चालवलेल्या बेकरीत मात्र हा कायदा टिकला असता तरी फारसा फरक पडला नसता. तासांची मर्यादा नोकरांपुरती होती. मालक, त्याची बायको, त्याची मुलं यांचे तास कुणी मोजणार नव्हतं. आणि हेच या बेकऱ्यांचं भांडवल होतं. पावात नफा पैशापैशाने मिळतो. पगार द्यावा लागला असता तर त्यांतली बरीच दुकानं बुडाली असती. नवरा आणि थोरले मुलगे रात्री खाली, बायको पहाटेपासून वर गल्ल्यावर, धाकटी मुलं शाळेआधी पाव पोचवायला. आजी असली तर ती बिस्किटांच्या ताटांशी. कुणाला पगार नाही, सगळ्यांचं जेवण एका हंड्यात. या व्यवस्थेबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. मुलांचं शिक्षण त्यात जाई, बायकांची कंबर जाई. पण आईबापांनी तिच्याच जोरावर भाडं भरलं आणि काहींनी इमारतही विकत घेतली. तीन पिढ्यांनंतर कोणती बेकरी टिकली आणि कोणती गेली, हे इमारत कुणाच्या नावावर होती यावरून बरंचसं ठरलं.

ट्रँगलच्या आगीनंतर राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्याची माणसं तळघरातल्या बेकऱ्यांतही उतरली. १९१३ साली नव्या तळघरी बेकऱ्यांना बंदी आली. जुन्या मात्र चालू राहिल्या, आणि म्हणूनच पुढची कित्येक दशकं न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून चालताना जाळीतून पावाचा वास वर येत राहिला. १९८७ च्या 'मूनस्ट्रक' या चित्रपटात नायक तळघरात भट्टीशी काम करताना दिसतो. ते दृश्य ब्रुकलिनमधल्या एका खऱ्या इटालियन बेकरीत, कॅमरेरी ब्रदर्समध्ये, चित्रित झालं.

कोळशाच्या भट्टीची खुबी तिच्या जाडीत आहे. तळ आणि भिंती विटांच्या, कोळसा पेन्सिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट, धूर कमी आणि आच मोठी. एकदा तापली की विटा उष्णता तासन् तास सोडत राहतात. ओली कणीक लांब दांड्याच्या फळीवरून सरळ विटांवर सरकवली की खालून झटका बसतो, पाव एकदम उचलतो, आणि कोंडलेल्या वाफेत वरची साल चकचकीत आणि कडक होते. भट्टी विझवायची म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पाव गमवायचा, म्हणून ती सहसा विझतच नसे. पाव निघाल्यावरही तिच्यात बरीच धग उरे, आणि त्या धगीवर सगळ्या गल्लीचा हक्क असे.

मोठ्या सणांना हे सगळ्यात स्पष्ट दिसे. ईस्टरला बायका घरी सजवलेल्या कणकेची ताटं घेऊन येत, त्यांत सालीसकट अंडी रोवलेली. एकोणीस मार्चला सेंट जोसेफच्या दिवशी सिसिलीचे लोक देवासमोर पावांची आरास मांडत: संताच्या काठीच्या आकाराचा पाव, क्रॉसच्या आकाराचा, संताच्या दाढीच्या आकाराचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग हा अमेरिकन सण आला, की अमेरिकन होऊ पाहणाऱ्या या कुटुंबांना टर्की पक्षी भाजायचा असे आणि तो घरच्या चुलीत मावत नसे. मग भांड्यावर नावाची चिठ्ठी लावून तो बेकरीत जाई. इटालियन वस्त्यांतल्या कित्येक बेकऱ्यांनी असे टर्की भाजून दिले.

उधारीची वही तर असेच. मजुरी आठवड्याने मिळे, पाव रोज लागे. हिवाळ्यात बांधकाम थंडावलं की वहीतली पानं भरत जात, वसंतात रिकामी होत. १९२९ नंतरच्या मंदीत ती किती वेळ भरलेलीच राहिली असतील, याची कल्पना करता येते. पावाबद्दलचा आदर मात्र मंदीच्या फार आधीचा होता. पाव उलटा ठेवायचा नाही. खाली पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायचा. शिळा पाव टाकायचा नाही. तो किसून तेलात परतला की पास्त्यावर चीजऐवजी चाले, पुन्हा भाजून कडक केला की महिनाभर टिके आणि पाण्यात बुडवून टोमॅटोबरोबर खाता येई, अगदीच दगड झाला की सारात जाई. दळणावर कर भरलेल्या माणसांच्या नातवंडांनाही हे वळण लागलेलं होतं.

त्याच नातवंडांची शाळेत मात्र पंचाईत होई. १९२८ साली मिसुरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात यंत्राने कापलेला पाव पहिल्यांदा विकला गेला, आणि काही वर्षांत चौकोनी, मऊ, पांढऱ्या, एकसारख्या कापांचा पाव म्हणजे अमेरिकन घर असं समीकरण झालं. इटालियन मुलाच्या डब्यात जाड सालीच्या पावात तळलेली मिरची आणि अंडं असे, त्याचं तेल कागदातून पाझरे. या पिढीच्या आठवणींत ही लाज पुन्हा पुन्हा येते. समाजसेविका घरोघर जाऊन इटालियन आयांना दूध आणि उकडलेल्या भाज्यांचं महत्त्व सांगत, आणि ही घरं अजून अमेरिकन झालेली नाहीत अशा नोंदी करत. पुढे साठ-सत्तर वर्षांनी तोच जाड सालीचा पाव शहरातल्या महागड्या दुकानांत दुप्पट-तिप्पट किमतीला विकला जाऊ लागला. त्या आयांचा मान तेव्हाच राखला गेला असता, तर मुलांचा डबा लपवून खाण्याचा काळ टळला असता.

आता एका दुकानाजवळ थोडं थांबू. साउथ व्हिलेजमध्ये १६०, प्रिन्स स्ट्रीट या पत्त्यावर १९२० साली नुन्झियो आणि जेनी डापोलिटो या जोडप्याने व्हेसुव्हियो बेकरी उघडली. दर्शनी भाग लाकडी, हिरव्या रंगाचा, वर दुकानाचं नाव, आणि काचेत रचलेले पाव. न्यूयॉर्कमध्ये सर्वांत जास्त छायाचित्रं निघालेल्या दुकानांत त्याची गणना होते. त्याच वर्षी जन्मलेला त्यांचा मुलगा अँथनी, म्हणजे टोनी, याच दुकानात वाढला आणि पुढे ते त्याने चालवलं. पण टोनी डापोलिटोचं नाव शहराच्या इतिहासात गेलं ते केवळ पावामुळे नाही.

मॅनहॅटनमध्ये १९५१ साली वस्तीवस्तीच्या सल्लागार मंडळांची सुरुवात झाली. पुढे त्यांचीच कम्युनिटी बोर्डं झाली. टोनी सुरुवातीपासून त्यात होता आणि मरेपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, राहिला. पद बिनपगारी. काम म्हणजे फुटलेला फुटपाथ, बंद पडलेला दिवा, मुलांना खेळायला नसलेली जागा. रहिवासी आपली तक्रार घेऊन दुकानात येत, पाव घेत आणि बोलून जात. लोक त्याला ग्रीनिच व्हिलेजचा महापौर म्हणत. हे पद कागदावर कुठेच नव्हतं. बेकरला ते मिळावं यात मला फार सुसंगती वाटते. वस्तीतलं प्रत्येक घर रोज एकदा ज्याच्या दुकानात येतं, त्याला कुणाकडे काय चाललंय हे ठाऊक असतं. कुणी दोन पावांवरून एकावर आलं, तर त्या घरचं काम सुटलंय हे त्याला आधी कळतं.

सुरुवातीच्या त्या काळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, पुलांवर आणि बागांवर रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याची सत्ता होती. वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून मोटारींचा मोठा रस्ता न्यायचा त्याचा बेत होता. शर्ली हेज आणि लेखिका जेन जेकब्ज यांच्यासारख्या रहिवाशांनी तो हाणून पाडला आणि १९५० चं दशक संपता संपता बागेतली मोटारींची वाहतूक बंद झाली. टोनी त्या लढ्यात होता. त्याहून मोठं संकट दक्षिणेला होतं. हॉलंड बोगद्यापासून पूर्वेकडच्या दोन पुलांपर्यंत, ब्रूम स्ट्रीटवरून दहा मार्गिकांचा उन्नत महामार्ग बांधायचं ठरत होतं. प्रिन्स स्ट्रीटपासून ब्रूम स्ट्रीट चालत काही मिनिटांवर. सुमारे दोन हजार कुटुंबं आणि आठशेच्या वर व्यवसाय त्याखाली जाणार होते. ब्रूम स्ट्रीटवरच्या चर्चचे पाद्री जेरार्ड ला माउंटन यांनी लोकांना गोळा केलं, त्यांनी जेकब्ज यांना बोलावलं, आणि वस्तीतले दुकानदार, कामगार, चित्रकार सगळे एकत्र उभे राहिले. डिसेंबर १९६२ मध्ये शहराच्या मंडळाने योजना फेटाळली, ती पुन्हा डोकं वर काढत राहिली, आणि १९६९ मध्ये शहराच्या नकाशावरूनच उतरली.

या लढ्याची पुस्तकं लिहिली गेली ती बहुतेक जेन जेकब्ज यांच्या नावाभोवती, आणि त्या मानाला त्या पात्रही आहेत. पण त्यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात फुटपाथवरच्या ज्या दुकानदाराचं महत्त्व मांडलं, तो दुकानदार जवळच खरोखर होता आणि सभेला हजर राहत होता. हे सांगायचं राहून जातं.

महामार्ग टळला. वाचलेल्या जुन्या लोखंडी इमारतींत चित्रकार राहायला येत गेले, त्या भागाला सोहो हे नाव पडलं, आणि १९७१ साली त्यांचं तिथे राहणं कायदेशीर झालं. त्यांच्यामागून गॅलऱ्या आल्या, मग कपड्यांची महागडी दुकानं, मग भाडं. इकडे इटलीहून येणारी नवी माणसं केव्हाच कमी झाली होती. १९२४ च्या कायद्याने इटलीचा वाटा वर्षाला अवघा ३,८४५ माणसांवर आणला होता. जुन्यांची मुलं शिकून, घरं घेऊन ब्रुकलिन, स्टेटन आयलंड, न्यू जर्सीकडे गेली. तिथे घरात मोठी चूल होती, दाराशी मोटार होती आणि मोटारीच्या अंतरावर सुपरमार्केट होतं. ज्या अडचणीमुळे बेकरी जन्मली ती अडचणच संपली. बेकरच्या हातात काही कमी झालं नव्हतं. त्याच्या वरच्या मजल्यांवरची माणसं बदलली होती, आणि नवी माणसं आठवड्यातून एक पाव घेत.

ब्लीकर स्ट्रीटवरच्या झीटो बेकरीचं उदाहरण पाहा. अँटोनियो झीटोने ती १९२४ साली सुरू केली. बेरेनिस अॅबट या छायाचित्रकार बाईंनी ३ फेब्रुवारी १९३७ रोजी तिच्या काचेचं छायाचित्र घेतलं: लांब, गोल, कड्यासारखे, भोकांचे, नाना आकारांचे पाव एकावर एक. बदलत्या न्यूयॉर्कची नोंद करणाऱ्या सरकारी कला-योजनेत तो फोटो घेतला गेला आणि आज संग्रहालयांत आहे. बेकरी २००४ साली बंद झाली. टोनी डापोलिटो २००३ साली गेला. व्हेसुव्हियोही कुटुंबाच्या हातून गेली. हिरवा दर्शनी भाग राहिला, आत वेगवेगळे चालक येत गेले.

सगळीकडे असंच झालं नाही. ब्रॉन्क्समध्ये आर्थर अॅव्हेन्यूवर १९१८ ची माडोनिया ब्रदर्स आहे, फिलाडेल्फियात त्याच वर्षीची सारकोनीज पाचव्या पिढीकडे आली, सॅन फ्रान्सिस्कोत १९११ ची लिगुरिया बेकरी फोकाचिया हा चपटा पाव संपेपर्यंत उघडी असते. टिकलेल्यांत हॉटेलांना पाव पुरवणारी नावं बरीच दिसतात. घरोघरचं गिऱ्हाईक गेल्यावर भट्टीला रोजचं काम तिथूनच मिळालं.

भट्टीचाही प्रश्न आता उभा आहे. २०२४ पासून न्यूयॉर्कमध्ये जुन्या कोळसा आणि लाकडाच्या व्यावसायिक भट्ट्यांना धुरातले कण ७५ टक्क्यांनी कमी करायचा नियम लागू झाला. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा आपल्याकडेही पावाच्या चवीची, खर्चाची आणि फुप्फुसांची चर्चा झाली. धूर कमी व्हायलाच हवा. भट्टीजवळच्या माणसाचा श्वास चवीपेक्षा मोठा आहे, हे १९०५ साली चार न्यायाधीशांना कळलं होतं आणि पाचांना नव्हतं. फक्त गाळणी बसवायचा खर्च एकट्या बेकरवर टाकला, तर साखळी-दुकानं तो पेलतील आणि कुटुंबाचं दुकान बंद होईल. शहराला पाव आणि हवा दोन्ही हवं असेल, तर शहराने खर्चात हात लावला पाहिजे.

न्यूयॉर्कने टोनी डापोलिटोचं नाव दोन ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने जपलं. थॉम्पसन स्ट्रीटवरच्या मुलांच्या मैदानाला त्याच्या बेकरीवरून व्हेसुव्हियो हे नाव आहे. क्लार्कसन स्ट्रीटवरच्या क्रीडाकेंद्राला त्याच्या मृत्यूनंतर त्याचंच नाव दिलं. ही इमारत १९०८ साली सार्वजनिक स्नानगृह म्हणून उघडली होती, कारण आजूबाजूच्या चाळींत अंघोळीची सोय नव्हती. तिच्या पोहण्याच्या तलावाजवळ १९८७ साली कीथ हेरिंग या चित्रकाराने भिंतभर चित्र काढलं. दुरुस्तीअभावी इमारत बंद पडली आणि ती पाडण्याचा प्रस्ताव शहराने मांडला. त्याविरुद्ध रहिवासी कम्युनिटी बोर्डाच्या सभांना जाऊन बोलले. टोनी ज्या बोर्डावर पन्नास वर्षं बसला, तेच हे बोर्ड.